चौथा पाय

वडनेरच्या त्या घरात नवी फरशी बसली आणि भुरी ऐकू येऊ लागली.

आधी जमीन सारवलेली होती, मग काही वर्षं शहाबादी. तिच्यावरून कुत्री कधी आली, कधी गेली, कुणाला कळायचं नाही. आता घरभर पांढरी गुळगुळीत टाइल, आणि तिच्यावर टिकटिक, टिकटिक. सदाशिवराव दुपारी किराणा दुकानाचं शटर ओढून मागच्या दाराने जेवायला येत आणि पहिला घास घ्यायच्या आत ओरडत, "अवो, कोनी तिले बाहेर काढा ना! घड्याळ बसवल्यावानी वाजून राह्यली घरात."

आनंदाबाईला त्या आवाजाचा राग येत नसे. तिला भावाचा राग येई.

ती सदाशिवरावांची थोरली बहीण. हिंगणीला दिली होती. नवऱ्याने दुसरं घर केलं तेव्हा तिचे वडील, बाबूजी, स्वतः बसने हिंगणीला गेले, ओसरीवर पाणीही न पिता "चल" एवढंच म्हणाले, आणि ती आली. आली ती राहिलीच. माहेरात तिला कोणी वावगं बोललं नाही. काही विचारलंही नाही. ज्या कामाची इतरांना किळस यायची ते काम हळूहळू तिच्याकडे सरकायचं, आणि एकदा सरकलं की जन्माचं तिचं व्हायचं. आईचं एक अंग लुळं पडलं तेव्हा तिची नखं कापायला घरात दुसऱ्या कुणाला सवड नव्हती. मग बाबूजी खाटेला लागले. म्हाताऱ्याच्या पायाची नखं शिंगासारखी जाड, पिवळी, आत वळलेली. आनंदाबाई पातेल्यात कोमट पाणी घेऊन बसायची, पाय भिजवायची, नख मऊ झालं की चिमूटचिमूट कापायची आणि टाच घासायच्या वजरीने टोकं घासून काढायची, म्हणजे चादरीत अडकू नयेत. बाबूजींची वाचा गेली होती. ते आढ्याकडे बघत पडून असायचे. एखाद्या वेळी पायाचा अंगठा तिच्या तळहातात जरासा दाबायचे, बस.

पुढे गावातल्या बाया तान्ह्या लेकरांची नखं कापून घ्यायला तिच्याकडे येऊ लागल्या. "आनंदाआत्याचा हात हलका," असं सगळ्या म्हणत. त्या हाताच्या मागे एक अख्खी बाई बसलेली आहे, हे मात्र कुणाच्या बोलण्यात येत नसे.

तिच्या रागाची एक तऱ्हा होती. राग आला की दुसऱ्यांचे हात थरथरतात. तिचा हात स्थिर व्हायचा. आणि राग तिला रोज यायचा. त्यामुळे हात कायम स्थिर.

भुरी ही निकेशच्या, म्हणजे सदाशिवरावांच्या मुलाच्या मागेमागे वावरातून आलेली. गव्हाळ रंगाची, एक कान मोडका. बरीच वर्षं ती दिवसभर शेतात, नाल्याच्या काठाने, दगडाधोंड्यांतून हिंडायची. तेव्हा तिच्या नखांचा विचार कुणी केला नाही, करायचं कारणच नव्हतं. जमीनच तिची नखं घासून देत होती. मग घर नवं झालं, लोखंडी फाटक आलं, चौपदरी रस्त्यावर तिचं एक पिल्लू ट्रकखाली गेलं, आणि भुरीच्या गळ्यात साखळी आली. दिवसभर ओसरीच्या टाइलवर बसायचं, साखळी पुरेल तेवढं आत यायचं, पुन्हा बाहेर. नख झिजायला खरखरीत काही उरलंच नाही. मग ते वाढलं. मग त्या वाढलेल्या नखांबद्दल तिलाच शिव्या.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला, ऐन दुपारी, सदाशिवरावांना देवघरासमोरच्या टाइलवर एक बारीक ओरखडा दिसला. ते गुडघ्यावर बसले, थुंकी लावून बोटाने घासून पाहिलं. ओरखडा गेला नाही.

"बाई!" त्यांनी हाक मारली. बहिणीला ते बाईच म्हणत. "हे पाह्य. हे पाह्य काय केलं तुह्या लाडकीनं. आजच्या आज तिचे नखं काप."

"माही लाडकी काऊन? साखळी तं तू बांधली."

"आजच्या आज," सदाशिवराव म्हणाले आणि दुकानात गेले.

निकेशची बायको प्रेरणा हिने मोबाइलवरून कुत्र्यांच्या नखांची कात्री मागवून ठेवली होतीच. अर्धगोल पात्यांची, दाबली की कटकन मिटणारी. आनंदाबाईने ती उलटसुलट करून पाहिली, ओसरीवर पोतं अंथरलं आणि भुरीला कुशीत आडवं घेतलं.

"वो आत्या, चावन ना ती."

"मले चावून काय भेटते तिले? तू तिचं डोकं खाजव, कानामागं."

बोटाच्या गादीवर हलकं दाबलं की नख पुढे येतं. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर उजेडात दिसते. तिच्या अलीकडे थांबायचं. काळ्या नखात काही दिसत नाही, तिथे सुपारी कातरावी तशा पातळ चकत्या काढत जायचं, आणि मधोमध ओलसर ठिपका दिसला की कात्री ठेवून द्यायची. हे आनंदाबाईला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच काळ्या नखाला तिचा अंदाज चुकला. भुरी केकाटली, पोत्यावर रक्ताचे थेंब पडले.

"अरे माय!" प्रेरणाने हात काढून घेतला.

"चूप. चुकली मी. निकेशची दाढीची तुरटी आन."

तुरटी ओली करून तिने नखाच्या टोकाला दाबून धरली. रक्त थांबलं. भुरीने तिचा हात चाटला, जणू चूक स्वतःचीच होती. मग उरलेली नखं जपून झाली. दोन्ही मागचे पाय, पुढचा डावा. कापून झालेल्या प्रत्येक नखावर तिने वजरी फिरवली, मुळाकडून टोकाकडे, एकाच दिशेने, कारण उलटी फिरवली की नखाला चिरा जातात. टोक बोटाला टोचेनासं झालं की पुढचं.

चौथा पाय हातात घेतला तेव्हा तिला ते नख दिसलं.

कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूने, जरा वर, एक पाचवं नख असतं. ते जमिनीला कधी टेकत नाही. म्हणून ते वाजत नाही, आणि झिजतही नाही. ते नुसतं वाढतं, वाढताना वळतं, आणि गोल फिरून आपल्याच पायाकडे येतं. भुरीच्या उजव्या पायाचं ते नख केसांत लपून बसलं होतं. वळून पूर्ण कडी झाली होती. टोक कातडीला नुसतं टेकलेलं होतं. अजून आत गेलं नव्हतं.

आनंदाबाईने कात्री उचलली आणि तेवढ्यात दिवेलागण झाली. प्रेरणाने देवापुढे निरांजन ठेवलं, आणि सदाशिवराव दुकानातून आत येता येता दारातच थबकले.

"दिवा लागला. आता नख नाई."

"एकच पाय राह्यला."

"लक्ष्मी याच्या वखती घरात नखं पाडते का कोनी? ठेव ते."

"उद्या सकाळी कापतो मग."

"उद्या?" सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला. "उद्या पक्ष लागते, बाई. पितृपक्षात केस नाई, नख नाई. तुले काय सांगाचं?"

"मानसाचे नाई कापत. ही कुत्री हाय."

"घर तं मानसाचं हाय ना? मांगच्या पक्षात निकेशनं दाढी केली, आन् दुसऱ्याच दिवशी मालाचा टेम्पो नाल्यात गेला. भुलली तू?"

"टेम्पोवाला पिलेला होता."

"त्याले प्याची बुद्धी कोनं देली?"

असल्या बोलण्याला उत्तर नसतंच, म्हणून तर ते बोललं जातं. आनंदाबाईने कात्री पोत्यात गुंडाळली. या घरात तिची पोळी आणि तिचं गप्प राहणं एकाच डब्यात ठेवलेलं होतं. एक काढायचं तर दुसरं हाताला लागायचंच.

पक्ष लागला. भुरी चौथा पाय चाटू लागली. काही दिवसांनी तो ती टेकवेनाशी झाली. त्या एका पायाची उरलेली टिकटिकही बंद झाली, आणि सदाशिवराव जेवताना म्हणाले, "पाह्य, किती शांत वाटते आता." आनंदाबाईच्या हातातली पळी कढीत तशीच थांबली.

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. निकेशला सांगितलं, तर तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आत्या, पक्ष संपूच द्या ना. बाबाचं डोकं काऊन खाता?" प्रेरणाने आपल्या परीने वरून हळद-तेल लावलं. पण काटा आत रुतलेला असताना वरून हळद लावून काय होणार? आनंदाबाईने केस बाजूला करून पाहिलं होतं. टोक कातडीत शिरलं होतं. भोवती लाल फुगवटा, आणि त्याला वास.

"पक्ष सरला का कापू," सदाशिवराव म्हणाले.

"सरला का घट बसते. नवरात्रात कापू देशीन?"

सदाशिवराव विचारात पडले. ते विचारात पडले की गल्ल्यावर बसल्या बसल्या अंगठ्याचं नख दातांनी कुरतडत. ही त्यांची लहानपणची सवय. आत्ताही अंगठा तोंडात गेला, कट असा आवाज आला, आणि त्यांनी नखाचा तुकडा जिभेच्या टोकावर आणून बाजूला थुंकला.

आनंदाबाई बघत राहिली. "हे चालते?"

"काय?"

"दातानं कुरतडलं तं पितर रागावत नाई? कात्रीचाच राग हाय का त्याइले?"

"बाई, तू ना..." सदाशिवराव उठून आत गेले.

त्या दिवशी तिने सगळी भांडी पुन्हा घासली, घासलेली होती तरी. तिला राग भावाचा होता, पण त्याहून जास्त त्या नियमाच्या निवडीचा होता. साखळी बांधायला मुहूर्त लागला नाही. टाइलसाठी नखं कापायला तो माणूस पौर्णिमेच्या दुपारी घाई करतो, आणि जिवासाठी कापायची म्हटलं की त्याला पंचांग आठवतं. टाइलचा ओरखडा दिसतो, कारण तो वाकून बघितला जातो. पाय बघायला कोण वाकतं?

मग बाबूजींची तिथी आली.

सकाळपासून घर वड्यांच्या वासाने भरलं होतं. कोहळ्याची भाजी, कढी, खीर, उडदाचे वडे. ब्राह्मण येऊन गेला. पळसाच्या पत्रावळींवर पानं वाढली: एक कावळ्याचं, एक गाईचं, एक कुत्र्याचं. ती पानं खाल्ली गेल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, ही बाबूजींच्याही आधीपासूनची रीत. गच्चीवर कावळा लगेच शिवला. शेजारची गाय आली, पत्रावळीसकट खाऊन गेली. सदाशिवराव खुशीत होते. सोवळं सावरत त्यांनी तिसरं पान ओसरीवर भुरीच्या पुढ्यात ठेवलं.

"ये भुरी. ये, खा. बाबूजीचं हाय."

भुरी उठली नाही. तोंड पायाशी नेलं, चाटलं, पुन्हा मान टाकली.

"अवं, वडा हाय. खा ना."

त्यांनी वडा कुस्करून तिच्या नाकाशी धरला. तिने तोंड फिरवलं. सदाशिवरावांचा चेहरा उतरला.

"पानाले तोंड नाई लावून राह्यली. निकेश! बाबूजी नाराज दिसते. काही राह्यलं का वाढाचं?"

"मीठ पाह्यलं मी, बाबा," आतून प्रेरणा म्हणाली.

"मग काऊन नाई खात?" त्यांनी साखळी धरून ओढली. भुरीचा भार चौथ्या पायावर आला आणि ती अशी ओरडली की शेजारची मंजुषा कुंपणाशी धावत आली. सदाशिवरावांनी साखळी सोडली. "राहू दे. हिले राहू दे. निकेश, रस्त्यावरचं एखादं कुत्रं आन पकडून. कोनतंही चालते."

आनंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हाताला कणीक होती. तिने ती पदराला पुसली, कधी पुसत नसे, आणि बाहेर आली.

"कोनतंही चालते?"

"बाई, आता भांडू नको. तिथी हाय."

"तिथी हाय म्हनूनच भांडतो. त्या मुक्या जिवाच्या पायात तिचंच नख रुतलं, त्याले तू हात लावू देत नाई, आन् वरून वडे खाय म्हनतं? खाल्लं नाई तं बाबूजी नाराज? बाबूजीले मधी काऊन आनतं रे तू?"

"लोक ऐकून राह्यले."

"ऐकू दे. मंजुषा, ऐक वं. बाबूजीची नखं कोनं कापली? यानं? हा तं नाक दाबून दारातून पाहे. मी कापली. आन् पक्षातही कापली."

सदाशिवरावांचं तोंड उघडं राहिलं. "पक्षात?"

"हो, पक्षात. दार लावून. चादरीत अडकून नख फाटलं होतं त्याइचं, रक्त आलतं. मी पंचांग पाह्यलं नाई. पानी कोमट केलं आन् कापलं. त्याइनं अंगठा दाबला माह्या हातात. तो राग होता का, सांग? त्या वर्षी तुहा कोनता टेम्पो पडला?" तिचा आवाज चढला नव्हता. "तवा मी कोनाले विचारलं नाई. आता काऊन विचारलं, हेच मले समजून नाई राह्यलं. प्रेरणा, पातेल्यात गरम पानी आन, मीठ टाक. कात्री आन. अन् तू, सदाशिवा, खाली बस. डोकं धर तिचं."

"मी सोवळ्यात..."

"बस म्हनलं ना!"

सदाशिवराव बसले. आयुष्यात बहिणीने त्यांना असं थोरलीसारखं दटावलं नव्हतं, किंवा कदाचित असं लहान पोराला दटावावं तसं. त्यांनी भुरीचं डोकं दोन्ही हातांनी मांडीवर धरलं. तिची लाळ सोवळ्याला लागली.

आनंदाबाईने पाय मिठाच्या कोमट पाण्यात धरून ठेवला. केसांना चिकटलेलं सगळं सुटं होऊ दिलं. मग केस कातरले. तेव्हा सदाशिवरावांना पहिल्यांदा दिसलं. नखाची काळी कडी, आणि तिचं टोक जिथे मांसात गेलं होतं ते भोक. त्यांनी मान वळवली.

"इकडं पाह्य," आनंदाबाई म्हणाली. "टाइल पाह्यली ना वाकून? हेही पाह्य."

त्यांनी पाहिलं.

तिने कात्री कडीच्या मध्यावर लावली, कातडीपासून अंतर राखून. भुरी गुरगुरली, सगळं अंग ताठ केलं. आनंदाबाईचा हात जागचा हलला नाही. कट. मुळाकडचा भाग मोकळा झाला. मग रुतलेला तुकडा तिने चिमटीत धरला आणि जसा वळत आत गेला होता तसाच वळवत बाहेर काढला. मागोमाग पू आला, मग रक्त. भुरीचे दात सदाशिवरावांच्या मनगटावर टेकले, पण ती चावली नाही. सदाशिवरावच "आई गं" म्हणाले.

जखम धुऊन झाली. प्रेरणाने हिंगणघाटच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. ते संध्याकाळी येतो म्हणाले, तोवर पाय कोरडा ठेवा. सदाशिवरावांनी सुस्कारा सोडला.

"झालं ना? आता खाईन ना ती? मानसं उपाशी हायत घरात."

आनंदाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग शांतपणे वजरी उचलली.

"पाय पुरा नाई झाला अजून."

त्या पायाची बाकीची नखं उरली होती. तिने एकेक कापलं, चकत्यांनी, काळ्या नखात ठिपका दिसेपर्यंत. मग वजरी. मुळाकडून टोकाकडे. बोटाने चाचपून बघायचं, पुन्हा एकदा फिरवायचं. आत कढी गार होत होती. निकेश दोनदा दारात येऊन गेला. सदाशिवरावांच्या पोटातून आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला, आणि कुंपणापलीकडे मंजुषा तोंडाला पदर लावून हसली. आनंदाबाईने घाई केली नाही. इतकी वर्षं सगळ्यांच्या जेवणानंतर ती जेवली होती. आज त्यांनी वाट बघत बसावं.

शेवटचं नख गुळगुळीत झालं तेव्हा तिने साखळीचा आकडा काढला आणि साखळी फाटकाबाहेर फेकली. मग तो वाकडा, काळा तुकडा उचलून भावाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"धर. तुह्या पक्षाचं हाय."

"बाई, नख घरात नाई ठेवत. कुठं टाकू मी हे?"

"पंचांगात पाह्य."

भुरी उठली. चौथा पाय आधी वर धरला, मग टाइलला जरासा लावून पाहिला. पानाचा वास घेतला, खाल्लं नाही, आणि पायऱ्या उतरून अंगणातल्या कडुलिंबाखाली, उरलेल्या तेवढ्याशा मातीत जाऊन पसरली.

सदाशिवराव ओसरीवर उभे राहिले. एक मूठ मिटलेली, सोवळ्यावर लाळ आणि रक्त. दारात उपाशी घर. मग त्यांनी वाकून एका हाताने पत्रावळ उचलली, कढी सांडू न देता पायऱ्या उतरले, आणि मातीत, भुरीच्या तोंडापुढे ठेवून तिथेच उकिडवे बसले.

"खाय," ते हळू म्हणाले. मग थोड्या वेळाने, "खाय, भुरे."

आनंदाबाई वजरी धुवायला न्हाणीत गेली. तिला मागे वळून बघायचं नव्हतं. अजून तिचा राग गेला नव्हता, आणि पाण्याखाली धरलेला तिचा हात तसाच स्थिर होता.